चौथ्या डब्याचं तापमान

काष्टीच्या पुढे सात-आठ किलोमीटरवर एक बॅटरी केंद्र आहे. तिथल्या इन्चार्जने मला दुसऱ्या वर्षी पाऊण तास फाटकाबाहेर उभं केलं. एप्रिल होता आणि सकाळी साडेदहालाच डांबर बुटाच्या तळाला चिकटत होतं. मी येणार असल्याचं पत्र त्याला आठ दिवस आधी गेलं होतं. वॉचमन आतून फोन लावायचा आणि माझ्याकडे न बघता सांगायचा, साहेब मिटिंगमधी हायेत. साहेब केबिनमध्ये एकटेच बसले होते. खिडकीच्या काचेतून मला त्यांचा कप धरलेला हात दिसत होता.

आदल्या वर्षी हाच माणूस मला घ्यायला फाटकापर्यंत आला होता. शहाळं दिलं होतं, दुपारी शेजारच्या वस्तीवरून बाजरीची भाकरी आणि आमटी मागवली होती. तेव्हाही तो मला आवडला नव्हता. फार हसायचा आणि हसताना घड्याळाकडे बघायचा. पण न आवडणं एवढ्याच कारणावर कुणाची तपासणी कडक करता येत नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं.

मी त्या वेळी नागापूरच्या एमआयडीसीत, विजेची उपकरणं तपासून देणाऱ्या एका लहानशा कंपनीत नोकरीला होते. आधीची बारा-तेरा वर्षं मीटर आणि ट्रान्सफॉर्मर तपासण्यात गेली. मग जिल्ह्यात सोलरचे प्रकल्प उभे राहिले आणि त्यांच्या शेजारी बॅटऱ्यांची केंद्रं. दिवसा पॅनेलवर तयार झालेली वीज या बॅटऱ्यांत भरून ठेवायची आणि ऊन उतरलं की शेतीच्या पंपांना द्यायची. या केंद्रात पांढरे आठ कंटेनर होते. गावातले लोक त्यांना डबे म्हणायचे, आणि नंतर मीही तेच म्हणायला लागले. प्रत्येक डब्यात माणसाच्या उंचीची लोखंडी कपाटं, आणि कपाटांत एकावर एक रचलेल्या बॅटऱ्यांच्या पेट्या. वर्षातून एकदा कुणीतरी बाहेरच्याने येऊन दोन गोष्टी लिहून द्यायच्या असतात. जेवढी वीज आत गेली त्यातली किती बाहेर येते, आणि हे सगळं एखाद्या दिवशी पेटणार तर नाही ना. ती बाहेरची व्यक्ती म्हणजे मी.

पहिल्या वर्षीची तपासणी मी एका दिवसात उरकली होती. आमच्या कंपनीतल्या साहेबांना मी दुसऱ्या दिवशी सुप्याच्या कामावर हवी होते. आठपैकी सात डबे मी स्वतः उघडून पाहिले. चौथ्याची किल्ली दौंडला गेलेल्या कुणाच्या तरी खिशात राहिली होती म्हणे. त्याचे आकडे मी केबिनमधल्या पडद्यावरून उतरवून घेतले आणि खाली सही केली. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. परतीच्या वाटेवर कोळगावात चहाला थांबल्याचंही आठवतं, इतकी मी निवांत होते.

दुसऱ्या वर्षी मात्र माझ्या पत्रात दोन दिवस मागितलेले होते आणि सगळे डबे उघडे मिळावेत असं लिहिलेलं होतं. त्यात इन्चार्जवर काही संशय नव्हता. तपासणीचे नियम बदलले होते, एवढंच. पण त्याने ते स्वतःवर घेतलं. शेवटी मला आत बोलावलं तेव्हा केबिनमधल्या दुसऱ्या खुर्चीवर फायली रचून ठेवलेल्या होत्या. त्या उचलाव्यात असं त्याला वाटलं नाही, आणि मी उचलल्या नाहीत. त्याने विचारलं की गेल्या वेळी एका दिवसात झालं ते काम या वेळी दोन दिवसांचं कसं झालं. मी नियम सांगितले. तो म्हणाला की नगरमध्ये बसून नियम करणाऱ्यांनी एकदा इथे येऊन उन्हात उभं राहावं. मी म्हटलं, मी आत्ताच पाऊण तास उभी होते.

पहिल्या दिवशी वीज किती साठते ते बघायचं होतं. ऊन असेपर्यंत बॅटऱ्या पूर्ण भरल्या. पाचच्या सुमारास त्यांनी भरलेली वीज बाहेर सोडायला सुरुवात केली, आणि मी मीटरसमोर वही घेऊन उभी राहिले. सकाळपासून दर अर्ध्या तासाला मीटरचा आकडा आणि पडद्यावरून प्रत्येक डब्याचं आतलं तापमान लिहायचं, ही माझी जुनी पद्धत. पहिल्या अर्ध्या तासातच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते कळायला थोडा वेळ लागला. शांतता होती. हे डबे थंड ठेवायला प्रत्येकाच्या पाठीला मोठे पंखे आणि एसी असतात आणि त्यांची घरघर इतकी असते की दोन माणसांना ओरडून बोलावं लागतं. आणि मला तर भिंतीपलीकडच्या लिंबाच्या झाडांतल्या चिमण्या ऐकू येत होत्या.

पंखे त्याने बंद केले होते. कारण सरळ होतं. पंखे आणि एसीही तीच वीज खातात. ते बंद ठेवले की बाहेर जास्त वीज गेल्यासारखी दिसते आणि केंद्र कागदावर चांगलं ठरतं. मी डब्यांवरून हात फिरवत गेले. पत्रे उन्हाने तापलेले होतेच, पण चौथ्यावरचा हात मला लगेच काढावा लागला.

मी केबिनमध्ये जाऊन विचारलं. तो म्हणाला, तुमचं काम मीटर बघण्याचं आहे, पंखे ऐकण्याचं नाही. मी म्हणाले, पंखे बंद ठेवून केलेली चाचणी मी धरणार नाही. उद्या पुन्हा करू, पंखे चालू ठेवून, नाहीतर चाचणी झालीच नाही असं लिहीन. त्याने टेबलावरचा पेन उचलून दुसरीकडे ठेवला. मग फोन करून पंखे लावायला सांगितले, आणि माझ्यासमोर फोनवर जे दोन शब्द बोलला ते लिहिण्यासारखे नाहीत. ते माझ्याबद्दल होते आणि मला ऐकू जावेत म्हणूनच बोललेले होते.

त्या संध्याकाळी मी सावेडीला घरी आले, जेवले आणि झोपले. सकाळी निघण्याआधी तक्ता कसा मांडायचा ते बघायला म्हणून आदल्या वर्षीचा अहवाल काढला. शेजारी कालची वही होती. कालच्या वहीत सात डब्यांचे आकडे वरखाली होत गेले होते. उन्हात वाढले, पंखे बंद असताना आणखी वाढले, मग उतरले. चौथ्या डब्याचा आकडा दिवसभर सत्तावीस पॉइंट चार होता. हे मला काल लिहितानाच खटकलं होतं आणि उद्या बघू म्हणून मी खूण करून ठेवली होती. मग मी अहवालाचं पान उलटलं. गेल्या वर्षीही चौथा डबा सकाळी सत्तावीस पॉइंट चार, दुपारी सत्तावीस पॉइंट चार, संध्याकाळी सत्तावीस पॉइंट चार. माझ्याच अक्षरात. खाली माझी सही.

लोखंडी डबा, उन्हाळ्याचा दिवस, आत बॅटऱ्या भरतायत आणि रिकाम्या होतायत, आणि तापमान एका दशांशानेही हलत नाही. हे शाळेतल्या पोराच्याही लक्षात आलं असतं. कुणीतरी कॉम्प्युटरमध्ये तो आकडा बांधून ठेवला होता आणि मी त्यावर एक वर्ष सही देऊन बसले होते. मला इन्चार्जचा राग आला, पण तो नंतर. आधी स्वयंपाकघरात उभी राहून मी स्वतःला जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. नवरा चहा गाळत होता. त्याने काय झालं म्हणून विचारलं आणि मी त्याच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी पोचल्या पोचल्या मी चौथा डबा उघडायला सांगितला. इन्चार्ज म्हणाला, किल्ली सापडत नाही, माणूस शोधतोय. मी म्हटलं, सापडेपर्यंत बसते. बसायला जागा नव्हतीच, म्हणून मी केंद्राच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांकडे गेले. तिथे वॉचमन आणि त्याची बायको राहायची. या खोल्यांपासून चौथा डबा किती लांब आहे ते मी जाताना मोजलं. भिंत धरून एकवीस पावलं.

वॉचमनची बायको ओट्यावर लिंबं निवडत होती. चाळिशीची असेल, माझ्यापेक्षा थोडी लहान. मी पाणी मागितलं. तिने दिलं, पण बस म्हणाली नाही. मी विचारलं की या डब्यांचा त्रास होतो का. ती म्हणाली, आवाजाची सवय झालीय. मग मी विचारलं की कधी वास येतो का. लिंबं निवडणारे हात थांबले नाहीत. म्हणाली की दुपारचा येतो, गोडसर, पोरींच्या नखाच्या रंगाला येतो तसा. डोकं धरतं त्यानं.

मी तिला सांगितलं की हे लिहून घ्यायला हवं, तुम्ही एवढं कागदावर सांगा.

"मी काय बी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी आज हाय, उद्या न्हाई. आमाला हितंच ऱ्हायचंय."

तांब्या तिने माझ्या हातातून ओढूनच घेतला.

त्या गोड वासाचा अर्थ मला माहीत होता. बॅटरीची पेटी आतून बिघडली, फुगली, तिला चीर गेली, की आतला द्राव वाफ होऊन बाहेर येतो. तो वायू डब्यात साठतो. डबा बंद असतो. मग एका ठिणगीचं काम उरतं. म्हणून प्रत्येक डब्यात वायू हुंगणारं एक यंत्र असतं आणि त्याला जोडलेला भोंगा. दुपारचा वास येत असेल तर दुपारी तो भोंगाही वाजायला हवा होता.

मी वॉचमनला गाठलं. फाटकाशी बसून तो तंबाखू मळत होता. पन्नाशी उलटलेला, सरळ पाठीचा माणूस, आधी एका कारखान्यात वायरमनच्या हाताखाली होता हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं. मी त्याला फक्त एवढंच विचारलं की चौथ्या डब्याचा भोंगा शेवटचा कधी वाजला. तो उठून उभा राहिला. इकडे तिकडे बघितलं. मग म्हणाला, सारखाच वाजायचा, लई वाजायचा, रोज दुपारी. साहेबांनी सांगितलं वायर काढ, म्हणून त्याने काढली. स्वतःच्या हाताने. वर निळी चिकटपट्टी गुंडाळली. किल्लीही त्याच्याकडेच होती, कंबरेला, काल पण होती आणि गेल्या वर्षी पण.

"मी उघडून देतो," तो म्हणाला. "पन माझं नाव घालू नका. नाव घातलं तर मी गेलो."

मी म्हणाले, अहवालात माणसांची नावं लिहीत नाहीत. हे खरं होतं. वायर काढलेली सापडली, एवढंच मी लिहिणार होते. ती कुणी काढली हे शोधायला केंद्र चालवणाऱ्या कंपनीला अर्धा तासही लागणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. ते मी त्याला सांगितलं नाही.

दार उघडून मी त्याला मागे, वाऱ्याच्या बाजूला उभं केलं आणि दहा मिनिटं कुणी जवळ जाऊ नये म्हणून सांगितलं. तरी वास आमच्यापर्यंत आला. नंतर मी हातातलं वायूचं मीटर पुढे धरून दारापाशी गेले आणि उंबऱ्यावरूनच टॉर्च मारला. तिसऱ्या कपाटातल्या खालून दुसऱ्या पेटीचं झाकण फुगून पुढे आलं होतं. वरच्या पेटीचंही थोडं. लांबून तापमान मोजणारी बंदूक लावली तेव्हा जो आकडा आला तो पडद्यावरच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त होता. छतापाशी निळी पट्टी गुंडाळलेली वायर लोंबत होती. मी सगळ्याचे फोटो काढले आणि बाहेर आले.

इन्चार्ज तोवर धावत आला होता. दार कुणी उघडलं म्हणून त्याने आधी वॉचमनला विचारलं. मी मध्ये पडून सांगितलं की मी उघडायला लावलं, आणि हा डबा आत्ताच्या आत्ता बाकीच्यांपासून तोडा. तो म्हणाला, तोडता येणार नाही, संध्याकाळी गावाला वीज द्यायची आहे. पेटी फुगलीय हे तीन महिन्यांपासून माहीत आहे, म्हणाला. नवीन मागवली आहे, येईल तेव्हा बदलू. मी आकडा कुणी बांधला ते विचारलं. तो हसला, ते गेल्या वर्षीचंच हसू.

"गेल्या वर्षी या डब्यावर सही तुमची आहे, मॅडम," तो म्हणाला. "तेव्हा कुठे गेलं होतं हे सगळं?"

"तेव्हा मी बघितलं नाही," मी म्हणाले. "तेही लिहिणार आहे."

हे मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून गेलं, आणि गेल्यावर कळलं की आता मागे घेता येणार नाही.

त्याने माझ्यासमोरच आमच्या साहेबांना फोन लावला. दोन मिनिटांनी साहेबांचा मला आला. साहेब माझ्याशी नेहमी चांगले वागत आले होते. नोकरीत मी टिकले ती त्यांच्यामुळे. ते शांतपणे म्हणाले की अहवालात 'सुधारणा आवश्यक' लिही, महिनाभराची मुदत दे, आणि मागच्या वर्षीचं उकरू नकोस, त्यात तुझ्याबरोबर आपलं सगळ्यांचं नाव जातं. मी त्यांना एकवीस पावलांचं सांगितलं. ते म्हणाले, मग त्या माणसाला सांग बायकोला घेऊन चार दिवस गावात जा म्हणावं. मी फोन ठेवला. त्याआधी आणि त्यानंतरही मी कधी साहेबांचा फोन मध्येच ठेवलेला नाही.

एकटा चौथा डबा तोडायचा तर ते इन्चार्जच्या कॉम्प्युटरवरून करावं लागतं, आणि तो केबिनचं दार लावून आत बसला होता. पाच वाजत आले होते. थोड्याच वेळात आठही डब्यांतून वीज बाहेर जायला लागणार होती आणि ती फुगलेली पेटी आणखी तापणार होती. केंद्राच्या मधोमध एका खांबावर काचेच्या झाकणात लाल बटण असतं. ते दाबलं की सगळंच बंद पडतं. धोका समोर दिसत असेल तर तपासणाऱ्याने ते दाबावं, असं करारात एका ओळीत लिहिलेलं आहे. माझ्या माहितीत कुणी ते कधी दाबलं नव्हतं. मी झाकण उघडलं आणि दाबलं.

एकामागून एक पंखे थांबले. वॉचमन लांबून बघत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

अर्ध्या तासात मोटारसायकली आल्या. पंधरा-वीस माणसं असतील. कांदा काढून झाला होता, पण ऊस आणि लिंबाच्या बागा पाण्यावर होत्या. हे केंद्र होण्याआधी एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी पंपाची वीज यायची, आणि अंधारात बांधावरून चालताना यांच्यातल्या एकाच्या भावाला साप चावला होता. वर्षभर ते सगळं थांबलं होतं. ऊन उतरल्यावर दोन-अडीच तास पाणी द्यायचं आणि घरी जायचं. आज पंप सुरूच झाले नाहीत, आणि इन्चार्जने फाटकाशी येऊन त्यांना सांगितलं की या बाईंनी बंद केलं.

बाईंनी बंद केलं हे खरंच होतं. मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. पेटी, वायू, भोंगा. पहिली दोन वाक्यं त्यांनी ऐकली. मग एकाने विचारलं की पगार किती घेता. दुसरा म्हणाला, नगरात बसून बटन दाबायला काय जातंय. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाची हवा कुणीतरी सोडली. तो आवाज मी ऐकला आणि तिकडे बघितलं नाही. त्यांच्यात एक वयस्क गृहस्थ होते, धोतर-टोपीतले, बाकीचे त्यांना मान देऊन बोलत होते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मला वाटलं, हे ऐकून घेतील.

"पेटलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"मग?"

पेटलं असतं तर दाखवता आलं असतं. जे घडलेलं नाही ते दाखवता येत नाही, आणि मला या कामात सगळ्यात जास्त चीड याचीच येते. मी म्हणाले की त्या दोन खोल्यांत माणसं राहतात. गृहस्थ खोल्यांकडे बघत म्हणाले की त्यांना काही अडचण असती तर त्यांनी सांगितलं असतं. वॉचमनची बायको ओट्यावर उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

वॉचमनने हवेचा पंप आणून माझ्या चाकात हवा भरली. सगळ्यांसमोर भरली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. केंद्राच्या कंपनीची माणसं बाहेरून आली, त्यांनी चौथा डबा तोडून बाकीचे सात सुरू केले, आणि फुगलेल्या पेट्या काढून नेल्या. काढताना त्यातली एक फुटलेली निघाली, असं मला एकाने फोनवर सांगितलं. लेखी मात्र कुणी काही दिलं नाही. गावाला पाच-सहा दिवस संध्याकाळची वीज मिळाली नाही. माझा अहवाल गेला. त्यात बांधलेलं तापमान होतं, काढलेली वायर होती, पंखे बंद ठेवून केलेली चाचणी होती, आणि शेवटच्या परिच्छेदात, मागील वर्षीचा या डब्याबद्दलचा निष्कर्ष मी प्रत्यक्ष न पाहता दिला होता, तो चुकीचा आहे, असं होतं. साहेबांनी तो परिच्छेद तीनदा काढला आणि मी तीनदा परत घातला. त्यानंतर मला केंद्रांच्या तपासणीवर पाठवणं बंद झालं. नागापूरच्या शेडमध्ये घरगुती मीटर तपासायला बसवलं, जे मी नोकरी लागल्याच्या पहिल्या महिन्यात करायचे. सहा महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. इन्चार्जची बदली झाली. तो आता याहून मोठ्या केंद्रावर आहे. हे ऐकल्यावर दोन दिवस मला जेवण गेलं नाही, आणि मी त्याच्याबद्दल जे चिंतलं ते चांगल्या माणसाने चिंतू नये.

वॉचमनला त्याच महिन्यात काढलं. सुरक्षा यंत्रणेत छेडछाड, असं कारण दिलं. वायर त्याच्या हाताने निघाली होती आणि ते कुणी नाकारत नव्हतं. काढायला कुणी सांगितलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी कंपनीला पत्र पाठवलं की तोंडी हुकूम होता. ऐकीव माहिती ग्राह्य धरता येत नाही, असं उत्तर आलं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी एका नातेवाइकांकडे निघाले होते आणि काष्टीचा बाजार लागला. गाडी रस्त्याला लावून मी आत गेले. कांद्याच्या ढिगांपलीकडे, किरकोळ विक्रीच्या रांगेत वॉचमनची बायको बसली होती, पुढ्यात लिंबांची रास. मी ओळखलं त्याच्या आधी तिने मला ओळखलं होतं, कारण मी पोचेपर्यंत तिची मान दुसरीकडे वळलेली होती. परत फिरता आलं असतं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि विचारलं की ते कसे आहेत. ती म्हणाली, गुऱ्हाळावर जातात, कधी असतं काम, कधी नसतं. मी म्हणाले की मी नाव घातलं नव्हतं.

"व्हय, नाव न्हाई घातलं," ती म्हणाली. "वायर घातली की."

शेजारची बाई आमच्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली. मग जे बोलायला नको होतं ते मी बोलले. मला कुणाकडून तरी एकदा ऐकायचं होतं की मी केलं ते बरोबर केलं, आणि तिच्याखेरीज ते म्हणू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, डबा फुटला असता तर आधी तुमचंच घर गेलं असतं.

तिने हातातलं लिंबू राशीवर ठेवलं.

"घर कंपनीचं हुतं," ती म्हणाली. "काढल्यावर आठ दिसांत खाली करून घेतलं. आता नव्या वॉचमनला दिलंय. त्याला दोन लेकरं हायेत."

एक गिऱ्हाईक आलं आणि ती त्याच्याशी भाव करायला लागली. मी उठले. माझ्या मनात एकच विचार होता, तिच्या आवाजातला राग मला मान्य आहे, पण भोंग्याची वायर परत जोडली का, हे तिला विचारायला हवं होतं. तिला ते माहीत असणं शक्य नव्हतं. तरी मी दोन पावलं मागे वळले, आणि ती माझ्याकडे बघेना, म्हणून गाडीकडे गेले.

या वर्षीच्या तपासणीला तिथे कुणाला पाठवलं, मला माहीत नाही. आमच्या जुन्या शेडमधल्या एकाला मी विचारलं होतं. तो म्हणाला, एका दिवसात झालं.